सुरतेची कप्पी, मुंबईची गोदी

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा एक अधिकारी मुंबईहून सुरतेला गेला. कंपनीला 'क्वीन' नावाचे जहाज बांधून हवे होते. मुंबई कंपनीच्या हाती येऊन तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती. किल्ला होता, वखारी होत्या, बंदर तर निसर्गानेच दिलेले होते. पण मोठे जहाज हवे असले की सुरतेचाच रस्ता धरावा लागे. सुरतेत धनजीभाई नावाच्या पारशी मिस्त्रीकडे काम दिले गेले. ते चालू असताना डडलीची नजर धनजीभाईंच्या हाताखालच्या एका मुकादमावर गेली. लवजी नसरवानजी त्याचे नाव. कंपनीने त्याला मुंबईला चल म्हणून गळ घातली. हाती घेतलेले जहाज पुरे झाल्याशिवाय आणि मालकाने मोकळे केल्याशिवाय येणार नाही, असे त्याने सांगितले. शब्द पाळून १७३६ मध्ये तो थोडे सुतार बरोबर घेऊन मुंबईत आला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीची मिस्त्रीगिरी त्याच्याच घराण्यात, वाडियांच्या घरात राहिली.

ही गोष्ट सहसा एका कर्तबगार घराण्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण वाचताना एक साधा प्रश्न मागे उरतो. शेकडो टन वजनाचे लाकडी धूड हे लोक हलवत कसे? वाफेचे इंजिन तेव्हा इंग्लंडातल्या खाणींतले पाणी उपसण्यापुरते होते, सुरतेला त्याचा वाराही लागलेला नव्हता. हाताशी होती पहार, पाचर, उतरण, कप्पी, रहाट आणि मळसूत्र. शाळेच्या पुस्तकात 'साधी यंत्रे' म्हणून ज्यांची यादी पाठ करून आपण विसरून जातो, तीच. त्या यादीवर सुरतेचा सगळा दर्यावर्दी व्यापार उभा होता.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० आठवतात. शिवाजी महाराजांनी दोनदा हात मारावा इतका पैसा तिथे होता, एवढे इतिहासाच्या तासाला कळते. तो पैसा गाठोड्यांच्या, पेट्यांच्या आणि गाठींच्या रूपाने रोज कोणाच्या तरी खांद्यावरून, गाड्यांवरून आणि होड्यांतून सरकत होता, हे मात्र कोणी सांगत नाही. शहर तापीच्या काठी, समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत. नदीचे मुख गाळाने भरलेले. मोठी जहाजे वर येऊ शकत नसत, म्हणून ती तापीच्या मुखाच्या उत्तरेला सुवाळीच्या किनाऱ्यापाशी, वाळूच्या दांड्याच्या आडोशाला उभी राहत. १६१२ मध्ये कॅप्टन थॉमस बेस्टने पोर्तुगीजांशी झुंज दिली ती याच पाण्यात. सुवाळीहून सुरतेच्या जकातघरापर्यंत, म्हणजे फुर्ज्यापर्यंत, माल उतरवायचा, चढवायचा, पुन्हा उतरवायचा. प्रत्येक चढ-उताराला एक दोर आणि एक कप्पी.

जहाजबांधणीत तर ओझ्याला सुरुवात जंगलातच होई. साग डांगच्या आणि आसपासच्या रानातून येई. दहा मीटर लांब आणि दोन-दोन फूट रुंद-जाड असा तासलेला सागाचा सोट धरला, तर वाळल्यानंतरही तो सव्वादोन-अडीच टन भरतो. तो खांद्यावर घेता येत नाही. पहारीने एक टोक चार बोटे उचलायचे, खाली गोल ओंडके सरकवायचे आणि ढकलायचे. मागचा ओंडका मोकळा झाला की पुढे आणून ठेवायचा. पहारीच्या टेकूपासून ओझे वीतभर आणि हात दीड वाव असला, की माणसाचा जोर दहा-बारा पटींनी वाढतो. पण हाताने हातभर दाबावे तेव्हा ओझे जेमतेम दीड-दोन बोटे उचलते. साध्या यंत्रांचा सगळा व्यवहार याच हिशेबाने चालतो. ती जोर वाचवतात, त्याची किंमत अंतरात वसूल करतात, आणि त्यात घर्षणाची दलाली वेगळी.

सोट जहाजाच्या सांगाड्यावर चढवायची वेळ आली की कप्पी लागे. दोन मजबूत वासे डोक्याशी बांधून कैची उभी करायची, माथ्याला एक कप्पी टांगायची, दुसरी ओझ्याला बांधायची, आणि दोर दोघींतून फिरवायचा. नुसती एक कप्पी वर टांगली तर जोर मुळीच वाचत नाही. फक्त वर ओढायचे ते खाली ओढता येते, म्हणजे माणसाला स्वतःचे वजन कामाला लावता येते. हाही काही लहान फायदा नाही. खरी कमाई ओझ्याबरोबर हलणाऱ्या कप्पीची. तिच्यामुळे ओझे दोराच्या दोन पदरांवर वाटले जाते. वर तीन आणि खाली तीन चाके घातली की पदर सहा. आपला अडीच टनांचा सोट मग कागदावर चारशे किलोंच्या आसपास उतरतो. प्रत्येक चाक आपल्या आसावर घासते, जाड दोर वाकायला कुरकुर करतो, त्यामुळे प्रत्यक्षात पावणेसहाशे-सहाशे किलोंचा जोर लावावा लागेल. माणशी पन्नास किलो धरले तर बारा माणसे पुरली. सोट तीन मीटर वर जायला मात्र त्यांना अठरा मीटर दोर ओढावा लागणार. अठरा मीटर म्हणजे आवारभर मागे चालत जाणे, 'हैशा'च्या तालावर.

चाके वाढवत गेले की कितीही ओझे उचलता येईल, असे इथे कोणालाही वाटेल. आर्किमिडीजची गोष्ट याच भाबडेपणावर चालते. सिराक्यूजच्या हीरो राजापुढे त्याने भरलेले जहाज एकट्याने, बसल्या जागी, कप्प्यांच्या साखळीने ओढून दाखवले, असे प्लुटार्कने लिहिले आहे. आर्किमिडीजनंतर तीनशे वर्षांनी लिहिले आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. काथ्याचा किंवा तागाचा दोर हाताळलेला कोणताही तांडेल या गोष्टीवर हसला असता. आठ-दहा चाकांपुढे घर्षण इतके खाते की नवे चाक जोडून फारसे हाती लागत नाही. आणि दोर किती ताण सोसेल ते वेगळेच. गणित कप्पीला मर्यादा घालत नाही. दोर घालतो.

आपल्याकडच्या मोटेचा विचार करून पाहावा, म्हणजे जुन्या कारागिरांची बुद्धी कुठे चालत असे ते कळते. मोटेवर एकच चाक, म्हणजे जोराची बचत शून्य. पण ज्या धावेवरून बैल चालतात ती विहिरीपासून दूर जाताना उतरती केलेली असते. भरलेली मोट वर येत असताना बैल उतारावर असतात, त्यांच्या अंगाचे वजन ओढीच्या बाजूने पडते. चढ चढून मागे यायचे तेव्हा मोट रिकामी असते. चाकाने दिशा बदलली, उताराने वजन वापरून घेतले. दोन अगदी साधी यंत्रे योग्य जागी बसली की त्यांचे एक तिसरेच यंत्र होते. जहाजाच्या कामात हेच पुन्हा पुन्हा दिसते.

उदाहरणार्थ, जहाजावरचा उभा रहाट. त्याला इंग्रजी जहाजांवर कॅपस्टन म्हणत. जाड लाकडी ढोल, त्याच्या डोक्यात भोके, भोकांत अडीच मीटरचे दांडे, आणि दांड्यांना छाती लावून गोल फिरणारे खलाशी. ढोलाची त्रिज्या पाव मीटर असेल तर जोर दहापट. वीस माणसांनी माणशी पंधरा किलोंचा रेटा दिला तर दोरावर तीन टनांची ओढ येते. त्यापुढे चार पदरांची कप्पी जोडली तर घर्षण सोडून बारा टन. सुवाळीला वारा पडला, किंवा वाळूच्या दांड्यांमधून अवजड जहाज जपून पुढे न्यायचे झाले, की नांगर होडीत घालून दोरापुरता पुढे नेऊन टाकत आणि रहाट फिरवून जहाज त्या नांगराकडे ओढून घेत. मग नांगर उचलून पुन्हा पुढे. रहाटाच्या एका फेऱ्यात माणसे पंधरा-सोळा मीटर चालत आणि जहाज दीड मीटर सरके. घाई असलेल्या माणसाने हे पाहू नये.

सुरतेची जहाजे कशी होती, याची साक्ष जॉन हेन्री ग्रोस या इंग्रजाने दिली आहे. तो १७५० मध्ये इकडे यायला निघाला, आणि त्याचे प्रवासवर्णन १७५७ मध्ये लंडनला छापले गेले. टिकाऊपणाच्या बाबतीत इथल्या जहाजांची बरोबरी जगात कोणी करू शकत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. हजार टनांपर्यंतची आणि त्याहून मोठी जहाजे इथे बांधली जात. युरोपात फळ्या कडेला कड लावून ठोकत. सुरतेचे सुतार कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत, त्यामुळे पूर्ण कूस एका लाकडाची असल्यासारखी होई. लाकडाला वेळोवेळी तेल पाजत. डोलकाठ्या मलबारकडच्या. शिडाचे कापड इथलेच, सुती, डोंगरी नावाचे. दोर आणि नांगर मात्र चांगले हवे असतील तर युरोपातून आणावे लागतात, अशी त्याची तक्रार आहे. ती वाचताना सुतारकाम आणि ओझ्याचे काम किती वेगळे असते ते उमगते. वाकस, रंधा, गिरमिट आणि करवत यांत सुरतेचा हात कोणी धरू शकत नव्हते. पण कप्पीची ताकद शेवटी दोर सोसेल तेवढीच, आणि तिथे सुरत परावलंबी होती.

आता मूळ प्रश्नाकडे. जहाज बांधून झाले, पुढे काय? युरोपात ते उतरणीवर बांधत, उतरणीला चरबी चोपडत, आणि मुहूर्तावर आधार काढून पाण्यात घसरवत. सुरतेत तसे करत नसत. ग्रोसने लिहिलेली रीत अशी: नदीपासून जहाजापर्यंत कालवा खणत, आणि जहाज जणू आपल्यापाशी चालून आलेल्या प्रवाहात अलगद सोडत. जहाज पाण्याकडे न्यायचे नाही, पाणी जहाजाकडे आणायचे.

हे वाचून युरोपीय वाचकांना गंमत वाटली असेल. मला यात सुरतेच्या सगळ्या यंत्रविद्येचे मर्म दिसते. हिशेब मांडून पाहू. पाचशे टनांचे जहाज तीन मीटर उचलायचे आहे. भौतिकशास्त्राच्या भाषेत हे काम पंधरा लाख किलोग्रॅम-मीटर झाले. आकडा भयंकर वाटतो. पण रहाटावर दिवसभर सावकाश राबणारा एक माणूस आठ तासांत दोन लाखांच्या आसपास काम करतो. म्हणजे सात-आठ माणसांची एका दिवसाची मेहनत. खरी अडचण वेगळीच आहे: पाचशे टनांचा ताण एका वेळी सोसेल असा दोर नाही, तो पेलेल असा खांब नाही, आणि तसा जोर शंभर कप्प्यांतून पोहोचवायचा तर वाटेत घर्षण अर्धाअधिक गिळून टाकते. पाण्याला यातले काहीच लागत नाही. ते तळाच्या प्रत्येक फळीवर थोडे थोडे रेटते आणि सगळे ओझे एकदम उचलते. खंबातच्या आखातात भरती कुठे कुठे दहा मीटरपर्यंत चढते. एवढे मोठे यंत्र दाराशी दिवसातून दोनदा फुकट फिरत असताना ते सोडून दोर ओढत बसणारा मिस्त्री मूर्खच म्हणायचा. कालव्यासाठी माती खणायला माणसे लागत, हे खरे. पण माती टोपलीटोपलीने हलवता येते, जहाज टोपलीत भरता येत नाही.

कोकणातही हीच जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. पाऊस सुरू होण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच गलबते छावणीला न्यावीत, दरवर्षी एकाच बंदरात नेऊ नयेत, असे त्यात बजावले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गलबत किनाऱ्यावर ओढून घेणे म्हणजे उधाणाची भरती धरून ते जमेल तितके वर तरंगू द्यायचे आणि उरलेले चार हात ओंडके, दोर आणि माणसे यांनी भागवायचे. मुहूर्त चुकला तर पंधरा दिवस थांबा. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथे आंग्र्यांची गोदी आजही पाहता येते. लांबी ३५५ फूट, रुंद भागात २२७ फूट. तीनचारशे टनांची जहाजे इथे येत. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला ते तळावर टेकले की डागडुजी करायची. आता ती गाळाने बरीच भरून आली आहे, आणि फलक नसता तर एखादी जुनी खाजण वाटावी. मराठी आरमाराबद्दल आपण अभिमानाने बोलतो ते तोफांबद्दल आणि लढायांबद्दल. गोदीबद्दल चार ओळी लिहायला कोणाला सवड नसते.

मुंबईला आल्यावर लवजीने सुरतेची विद्या तशीच वापरली, पण बंदर वेगळे होते. तापीचा गाळ इथे नव्हता, खडक होता. आणि कंपनीला नव्या जहाजांइतकीच जुन्यांची दुरुस्ती महत्त्वाची होती. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा जहाजाच्या तळाला चाळणी करून सोडतो. तळ साफ करायचा तर गोदी नसलेल्या बंदरात जहाज कुशीवर पाडावे लागे: तोफा, माल, नांगर सगळे उतरवून, डोलकाठीच्या शेंड्याला जाड कप्प्या बांधून, किनाऱ्यावरच्या रहाटाने डोलकाठी खाली ओढत. डोलकाठी इथे तरफेचे काम करी आणि अख्खे जहाज कलंडून अर्धा तळ उघडा पडे. एक बाजू झाली की दुसरी. अंदाज चुकला तर काठी मोडे, फळ्यांचे जोड सुटत, कधी जहाज पाणीही घेई. प्रत्येक कुशीला जहाजाचे थोडे आयुष्य झिजत असे.

१७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. सुमारे दोनशे फूट लांब आणि पन्नासच्या आत रुंद. आशियातली ही पहिली कोरडी गोदी मानली जाते. नंतरच्या वर्षांत तिला आणखी दोन कप्पे जोडले गेले. १७७५ मध्ये अब्राहम पार्सन्स नावाचा प्रवासी मुंबईत आला, तेव्हा तिन्ही कप्पे आणि त्यांचे तीन जोड दरवाजे कामात होते. आकाराने आणि जागेने इतकी सोयीची गोदी युरोपातही पाहायला मिळणार नाही, असे त्याने लिहिले. त्याला सर्वांत आवडली ती व्यवस्था: बाहेरचे जहाज उधाणाच्या भरतीला निघून दुसरे आत यायचे, तरी आतल्या दोन जहाजांवरचे काम क्षणभरही थांबत नसे.

हे सगळे चालते ते दारांवर. भरतीला दार उघडे. जहाज दोराने ओढून आत घेतात. ओहोटीला पाणी आपोआप निघून जाते, दारे लावतात, उरलेले पाणी उपसतात. दुसरी भरती आली की समुद्र बाहेरून दारांवर रेटतो. दारांची दोन पाने समुद्राकडे टोक करून मिटत असल्यामुळे तो जितका रेटेल तितकी ती घट्ट बसतात. समुद्राला बाहेर ठेवायला समुद्राचाच जोर. आत जहाज लाकडी ठोकळ्यांवर बसलेले, दोन्ही अंगांना धिरे दिलेले. ठोकळा आणि तळ यांच्यातली फट पाचरींनी भरायची. लाकडी पाचर घणाने हातभर आत गेली की वरचे ओझे दोन-तीन बोटे उचलले जाते. शेकडो पाचरी एकाच इशाऱ्यावर ठोकल्या की अख्खे धूड केसभर वर येते आणि कुजलेला ठोकळा बदलता येतो. घणाचा घाव एका क्षणाचा, पण पाचर मागे सरकत नाही. उचललेले तेवढे पदरात पडते. कप्पीला हे जमत नाही, तिच्यावर माणसाला दोर धरून उभे राहावे लागते.

पार्सन्सने आणखी एका गोष्टीचे कौतुक केले आहे. दोर वळायची लांबलचक, छप्पर घातलेली शाळा. पोर्टस्मथची सोडली तर इंग्लंडातल्या कोणत्याही दोरशाळेच्या तोडीची, असे तो म्हणतो. ग्रोसची तक्रार पंचवीस वर्षांत मिटू लागली होती. कप्पी सुरतेची आणि दोर परका, हे आता चालणार नव्हते. मधल्या काळात, १७५९ मध्ये, इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. तापी आणखी गाळत गेली आणि कामे हळूहळू मुंबईकडे सरकली. शहर मेले नाही; पण बंदर म्हणून त्याची पत गेली ती परत आली नाही.

१७७४ मध्ये लवजी वारला. मुलगे माणेकजी आणि बमनजी, मग नातवंडे फ्रामजी आणि जमशेदजी. जमशेदजी बमनजीने इंग्लंडच्या आरमारासाठी १८१० मध्ये ७४ तोफांचे 'मिंडेन' बांधून पाण्यात सोडले. १८१३ चे 'कॉर्नवॉलिस' त्याचेच. १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला तो याच जहाजावर. ग्रीनिचच्या संग्रहालयात जमशेदजीचे चित्र आहे, कमरेच्या शेल्यात चांदीची फूटपट्टी खोचलेली.

'ट्रिंकोमाली'ची कथा तर कादंबरीत शोभावी अशी. तिचे आराखडे 'जावा' या जहाजातून मुंबईला यायला निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठून नष्ट केले, आराखडे तळाला गेले. दुसरी प्रत यावी लागली. पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ही ४६ तोफांची सागवानी फ्रिगेट पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे उभी आहे. युरोपातली अजून तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून बघतात.

ती १८१९ मध्ये पोर्टस्मथला पोहोचली. त्या गावात तेव्हा कप्पीच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ होऊन गेली होती. ७४ तोफांच्या एका जहाजाला नऊशेच्या वर कप्प्या लागत. शीड चढवायला, परभान फिरवायला, होडी उतरवायला, तोफ मागे ओढायला. आरमाराची वर्षाची गरज लाखाच्या घरात. प्रत्येक कप्पी हाताने कोरलेली, त्यामुळे एकीचे चाक दुसरीत बसेलच असे नाही. मार्क इझाम्बार्ड ब्रुनेलने यंत्रे कल्पिली, हेन्री मॉडस्लीने ती लोखंडात घडवली, सॅम्युअल बेंथॅमने सरकारकडून मंजूर करून घेतली. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या निघू लागल्या, आणि एकशे दहा कसबी कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले. कसब माणसाच्या हातातून यंत्राच्या पोटात गेले ते असे. आणि ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडले ते कप्पीच्याच बाबतीत, हा योगायोग नाही. जी वस्तू हजारोंनी लागते आणि प्रत्येकीत तोच आकार लागतो, तिथेच असे यंत्र परवडते. मुंबईच्या गोदीत जहाज असे कधीच निघाले नाही. प्रत्येक वाकडी फांदी वेगळी आणि प्रत्येक बरगडीला वाकसाचा घाव वेगळा.

वाफ मुंबईत आली ती वाडियांच्याच घरातून. लवजीच्या वंशातल्या अर्देशीर कर्सेटजीने वाफेच्या यंत्रांचा ध्यास घेतला, आपल्या माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, आणि १८४१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय सभासद झाला. ज्या घराण्याने सागाच्या जहाजांवर नाव कमावले त्यातल्याच माणसाने सागाच्या जहाजांचा काळ संपवणाऱ्या इंजिनाची पाठराखण करावी, हे मला त्या घराण्याच्या सगळ्या जहाजांपेक्षा मोठे वाटते. इंजिन आले तरी कप्पी गेली नाही. इंजिनाने फक्त दोर ओढणारी माणसे हटवली. पदरांचा हिशेब तोच राहिला. सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या धक्क्यावरच्या क्रेनच्या हुकाशी वाकून पाहिले तर चाके मोजता येतात, फक्त दोर आता पोलादी.

आणि भरती? हजिऱ्याहून आखात ओलांडून घोघ्याला उतरले आणि दक्षिणेला गेले की भावनगर जिल्ह्यातला अलंगचा किनारा लागतो. १९८३ पासून तिथे जगभरातली म्हातारी जहाजे तोडायला येतात. त्यांना किनाऱ्यावर घेण्यासाठी कुठलीही गोदी नाही, कुठलीही क्रेन नाही. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण धरायचे, जहाजाने आपल्याच इंजिनाच्या जोरावर किनाऱ्याकडे भरधाव यायचे, आणि ओहोटी झाली की हजारो टनांचे लोखंड वाळूवर बसलेले असते. पुढच्या उधाणापर्यंत ते कुठे जात नाही. मग गॅसकटरने पुढचा भाग कापतात, किनाऱ्यावरच्या विंचला पोलादी दोर जोडतात, मध्ये कप्प्या घालतात, आणि तो तुकडा वाळूवरून घासत कोरड्या जमिनीवर ओढून आणतात. उरलेले जहाज हलके झालेले असते, म्हणून पुढच्या उधाणाला ते आणखी थोडे वर येते.